मूठभर वीज

मराठीत उजेडाला शब्द किती, याची मोजदाद करायला बसलात तर हाताची बोटे पुरणार नाहीत. उजेड, प्रकाश, तेज, झगमगाट, लखलखाट हे तर झालेच. पण कवडसा आहे, तिरीप आहे, झोत आहे, झळाळी आहे. गंमत अशी, की यांतले पुष्कळसे शब्द नुसता उजेड आहे एवढेच सांगून थांबत नाहीत. तो कुठून आला आणि कसा आला, हेही सांगतात. तिरीप म्हटली की ऊन तिरपेच यायला हवे. कवडसा म्हटला की कौलात नाहीतर खिडकीच्या फळीत कुठेतरी भोक असलेच पाहिजे. उजेडाला दिशा असते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पक्की ठाऊक होती. ती ज्याच्या गावीही नाही असा एकच दिवा मी पाहिला आहे. तो म्हणजे कॅमेऱ्याच्या कपाळावर बसणारा फ्लॅश.

हा दिवा सदैव नाकासमोर पाहतो. माणसाच्या बाबतीत नाकासमोर चालणे हा आपण सद्गुण मानतो. उजेडाच्या बाबतीत तो मोठाच दुर्गुण आहे. भिंग जिकडे, दिवाही तिकडेच. त्यामुळे नाकाची सावली नाकामागे, हनुवटीची हनुवटीमागे आणि उभ्या माणसाची भिंतीवर, अशा साऱ्या सावल्या नजरेआड तरी होतात किंवा नको तिथे तरी पडतात. चेहऱ्याला उंचसखलपणा म्हणून उरत नाही. गालाची हाडे, कपाळावरच्या आठ्या, ओठांच्या कडेची मुरड, सारे सपाट होऊन लाटलेल्या पापडासारखा चेहरा हाती येतो. शिवाय डोळे लाल. उजेड सरळ बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्यामागच्या रक्ताचा रंग घेऊन सरळ परत येतो. दिवा भिंगाला खेटून असला म्हणजे असे व्हायचेच.

आमच्या बैठकीच्या खोलीत वडिलांचा फोटो आहे. ते गेले तेव्हा घाईघाईने शोधाशोध झाली आणि एका लग्नातल्या समूहफोटोतून त्यांचा चेहरा कापून, मोठा करून घेतला. वडील जाड भिंगांचा चष्मा लावीत. फ्लॅश नेमका समोरून पडल्यामुळे दोन्ही भिंगांवर दोन पांढऱ्या चकत्या उमटल्या आहेत. या गोष्टीला वीस वर्षे झाली. आजोबांचे डोळे कसे होते, असे माझ्या मुलीने एकदा विचारले, तेव्हा 'तुझ्या आत्यासारखे' असे उत्तर मला द्यावे लागले. त्या फोटोग्राफरला बोल लावण्यात अर्थ नाही. दोनशे माणसे, एक दिवा आणि जेवणाची पाने वाढलेली. त्या बिचाऱ्याने काय करावे?

आणि हा समोरचा दिवा तरी किती तपश्चर्येने आला आहे! १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत ज्वलनाला जोर देणारा क्षार मिसळून फोटोसाठी चमकदारू बनवली. भडका, धूर आणि अधूनमधून भाजलेली बोटे असा तो मामला होता. १९३०च्या आगेमागे काचेचे बल्ब आले. एका फोटोला एक बल्ब, की तो संपला. मग १९३१ साली अमेरिकेत, एमआयटी या संस्थेत, हॅरल्ड एजर्टन यांनी वीज साठवून वायू भरलेल्या नळीतून ती एका क्षणात सोडून देण्याची युक्ती फोटोच्या कामी लावली. सफरचंदातून आरपार गेलेल्या बंदुकीच्या गोळीचा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो त्यांचाच. आज बाजारात मिळणारा सुटा फ्लॅश म्हणजे तीच युक्ती मुठीत मावेल एवढी केलेली. आत कपॅसिटर नावाचे एक रांजण आहे. बॅटरीतून थेंबथेंब वीज त्यात भरत राहायची आणि बटण दाबताच ती झेनॉन वायूच्या नळीत एकदम ओतायची. या रांजणात तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि बॅटऱ्या काढल्या तरी ते काही वेळ तिथेच मुक्काम करतात. तेव्हा बिघडलेला फ्लॅश घरी स्क्रू-ड्रायव्हरने उघडण्याचा पराक्रम कोणी करू नये.

हे सगळे शास्त्र मला शिकवणारा गुरू माझा भाचा. तो अभियांत्रिकीला आहे आणि लग्नसराईत फोटो काढून आपल्या फीचा बराचसा भार स्वतःच उचलतो. मी मराठीचा प्राध्यापक; माझी यंत्राची जाण मिक्सरच्या झाकणापाशी संपते. परंतु भाच्याला सराव करण्यासाठी न हलता बसणारा माणूस हवा होता, आणि घरात त्या पात्रतेचा मी एकटाच आहे असे आमच्या सौ.चे मत पडले.

"मामा, फ्लॅशला मान असते, हे सगळ्यात महत्त्वाचं," त्याने पहिल्या दिवशी सांगितले. खरोखरच मान होती. वर होई, मागे वळे, डावीउजवीकडे फिरे. त्याने ती छताकडे वळवली आणि फोटो काढला. काय सांगू! समोरून पडला असता तर थोबाडीत मारल्यासारखा दिसला असता, तोच उजेड आता छतावरून पसरून मऊसूत होऊन खाली आला होता. कारण साधे आहे. दिवा जेवढा लहान तेवढी सावली धारदार; मोठा तेवढी ती विरघळते. छतावर उजेड टाकला की फ्लॅशची दोन-तीन इंचांची काच दिवा राहतच नाही, सारे छतच दिवा होते. मात्र छत पांढरे हवे आणि हाताशी हवे. हिरव्या डिस्टेंपरच्या खोलीत पाहुणे काविळीच्या आणि मलेरियाच्या मधल्या कुठल्यातरी रंगाचे दिसतात, आणि मंडपात गुलाबी कापडाची कनात असली तर सासरे-व्याही दोघेही लाजल्यासारखे. काही मंगल कार्यालयांचे छत तर इतके उंच असते, की तिकडे गेलेला उजेड परत येतच नाही.

उजेडाचा हा उधळेपणा एका नियमाने बांधलेला आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा. पंगतीचा फोटो आठवा. अलीकडच्या पानातली जिलबी पांढरीफटक आणि पंगतीच्या टोकाला बसलेले काका भुतासारखे काळे! पहिली रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल, तर मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांच्या चौथा हिस्साच उजेड येतो. तोच दिवा चार मीटर मागे नेला, म्हणजे अंतरे सहा आणि आठ झाली, तर मागच्यांना निम्म्याहून थोडा अधिक मिळतो. दिव्याने दूर जावे आणि सर्वांना सारखे लेखावे, असा हा न्याय आहे. फक्त त्यासाठी दिव्याच्या अंगात बळ हवे. ते बळ गाईड नंबरात मोजतात. आयएसओ १०० धरून गाईड नंबर ४० असला, तर पाच मीटरवरच्या माणसाला भिंगाचे छिद्र एफ ८ चालते आणि दहा मीटरवरच्याला एफ ४. भागाकार केला की झाले. पण खोक्यावर छापलेला आकडा बहुधा फ्लॅशचा झोत अगदी अरुंद करून मोजलेला असतो. आकडा पाहून हुरळून जाऊ नये, एवढेच.

मग किती उजेड सोडायचा, हे ठरवायचे कोणी? इथे दोन पंथ आहेत. एक टीटीएल, म्हणजे भिंगातून आलेल्या उजेडावरून कॅमेऱ्यानेच हिशेब करणे. फिल्मच्या काळात, १९७५ साली, ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने फोटो निघत असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश आवरता घेण्याची किमया केली होती. आजचे कॅमेरे आधी एक बारीकशी चमक सोडून अंदाज घेतात आणि मग खरी चमक सोडतात. या पहिल्या चमकेला ज्यांच्या पापण्या मिटतात त्यांचे डोळे दर फोटोत मिटलेले! आमच्या थोरल्या मेहुण्यांचे आहेत. दुसरा पंथ मॅन्युअल. त्यात अर्धा, पाव, सोळावा, चौसष्टावा असा हिस्सा आपणच ठरवून द्यायचा. टीटीएल म्हणजे दर वेळी चव घेऊन मीठ घालणे. मॅन्युअल म्हणजे ठरल्या मापाने घालणे. नवरी चालत येत असेल, अंतर पावलागणिक बदलत असेल, तेव्हा पहिली रीत बरी. पण टीटीएलची जीभ थोडी सदोष आहे. जगातले सगळे मध्यम राखाडी असते, असा तिचा समज. पांढऱ्या साडीतल्या आजी दिसल्या की तिला वाटते उजेड फार झाला, आणि ती साडी मळकट करून टाकते. काळ्या कोटातले आजोबा दिसले की उजेड वाढवून त्यांचा कोट धुऊन काढते. माणूस एका जागी बसलेला असेल तर दुसरीच रीत खरी.

आणखी एक भानगड पडद्याची. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. सेकंदाच्या साधारण दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापर्यंत असा एक क्षण मिळतो, की पहिला पूर्ण गेलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. फ्लॅशने नेमके तेव्हाच चमकावे. याहून वेग वाढवला तर पहिला पोचण्याआधीच दुसरा निघतो. दोघांमध्ये नुसती फट सरकत राहते, आणि फोटोत अर्धे लग्न उजेडात आणि अर्धे काळ्या पट्ट्याखाली! यावर तोड म्हणून हायस्पीड सिंक नावाची सोय असते. फट सरकत असताना फ्लॅश भराभर थरथरत राहतो. बळ मात्र फार खर्ची पडते. २०२३ साली सोनीने पडदाच नसल्यासारखा, सारे चित्र एका दमात टिपणारा ए९ मार्क ३ हा कॅमेरा जाहीर केला. त्यात ही अडचण मुळातून गेली. पण त्याची किंमत भाच्याने सांगितली तेव्हा आमच्यात काही वेळ संभाषण झाले नाही.

आता या साऱ्याचा कळस. दिवा कॅमेऱ्यावरून उतरवून दूर ठेवायचा. म्हणजे लखलखाटाची तिरीप करायची! पण बटण इकडे दाबले हे तिकडच्या दिव्याला कळावे कसे? पूर्वी वायर असे आणि वऱ्हाडी तिच्यात अडखळत. मग दिव्याला डोळा बसवला. एक फ्लॅश चमकला की तो पाहून दुसराही चमके. यातला दोष आम्ही आईच्या पंचाहत्तरीला भोगला आहे. एका चुलतभावाने नवा कॅमेरा आणला होता. तो जेव्हा जेव्हा चमके तेव्हा तेव्हा फोटोग्राफरचा कोपऱ्यातला दिवाही इमानाने चमके. ऐन औक्षणाच्या वेळी तो दिवा दमून, वीज भरत बसला होता. टीटीएलच्या पहिल्या चमकेलाही असा दिवा फसतो. म्हणून त्याला एस १ आणि एस २ असे दोन स्वभाव देतात. पहिल्यात तो पहिल्याच हाकेला ओ देतो, दुसऱ्यात अंदाजाची हाक सोडून देऊन खऱ्या हाकेला. तरी आडोशाला ठेवला किंवा भर उन्हात नेला, की डोळ्याचे काही चालत नाही.

रेडिओने हा प्रश्न सोडवला. कॅमेऱ्यावर एक छोटा ट्रिगर बसवायचा, तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर हाक मारतो. दिवा कपाटामागे असो की शेजारच्या खोलीत, त्याला ऐकू जाते. कॅननने आपल्या फ्लॅशमध्येच ही सोय २०१२ साली ६००ईएक्स-आरटीमध्ये दिली, निकॉनने २०१६ साली एसबी-५०००मध्ये. चीनमधल्या शेन्झेनच्या गोडॉक्ससारख्या कंपन्यांनी तीच सोय स्वस्त केली म्हणून ती भाच्यासारख्यांच्या खिशाला परवडली. यात चॅनेल आणि ग्रुप असे दोन शब्द येतात. चॅनेल म्हणजे वाड्याचा पत्ता आणि ग्रुप म्हणजे वाड्यातली बिऱ्हाडे. अ बिऱ्हाडाला जास्त उजेड, ब ला कमी, असे कॅमेऱ्यापाशी उभे राहूनच सांगता येते. पत्ता मात्र वेगळा असावा. एका लग्नात वरपक्षाचा आणि वधूपक्षाचा असे दोन फोटोग्राफर एकाच चॅनेलवर होते. वरपक्षाने बटण दाबले की वधूपक्षाचा दिवा पेटे. दोन्ही घराण्यांचे इतके जुळलेले त्या लग्नात दुसरे काही दिसले नाही, असे भाचा म्हणतो.

गेल्या माघात आईचे सहस्रचंद्रदर्शन केले. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणजे साधारण ऐंशी वर्षे दहा महिने होतात. फोटो कोणी काढायचा, यावर चर्चा झालीच नाही. भाचा दोन रात्री मला आईच्या खुर्चीत, माझ्याच चष्म्यासह बसवून काहीतरी मोजत होता. उजेड काचेवर ज्या कोनात पडतो त्याच कोनात उसळतो. तेव्हा दिवा बाजूला आणि वर न्यावा, म्हणजे उसळलेला उजेड भिंगाकडे न येता भलतीकडे जातो. चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचलल्या की काचा खाली झुकतात, तेही उपयोगी पडते. तो हे इतक्या बारकाईने का करतो आहे, हे मी विचारले नाही. त्याची पाठ त्या वेळी वडिलांच्या फोटोकडे होती.

संध्याकाळी स्टँडवर पांढरी छत्री उघडून तो तयार झाला. दिवा छत्रीआड, आईच्या डावीकडे, डोक्याहून उंच आणि चारेक फुटांवर. दुसरा लहान दिवा मागच्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे पांढरे केस काळ्या कपाटापासून सुटे दिसावेत. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा आणि निरांजनाचा पिवळा. दोन्हींचे जमावे म्हणून फ्लॅशवर नारिंगी कागद. ज्योती फोटोत मरू नयेत म्हणून पडदा सेकंदाच्या साठाव्या भागाइतका उघडा, आयएसओ ८००, एफ ४, आणि छत्रीतल्या दिव्याचा फक्त चौसष्टावा हिस्सा.

"घरात छत्री उघडू नये रे," आई म्हणाली.

"आजी, ही पावसाची नाही, उजेडाची आहे."

"बरं. हा भिंतीवर लावायचा फोटो ना? मग नीट काढ."

खोलीतले सगळे एकदम कामाला लागले. कोणी ताम्हन सरळ केले, कोणी फुले. भाचा तेवढा कॅमेऱ्यामागून हलला नाही. "हो आजी," तो म्हणाला, "नीटच काढतो. पण तू इतक्यात लावू देऊ नकोस." आई हसली आणि त्याने बटण दाबले. चौसष्टाव्या हिश्श्याची चमक ती. मोतीबिंदू काढलेल्या तिच्या डोळ्यांना तिचा त्रासही झाला नाही. "लागला का?" तिने विचारले.

फोटोत तिचे दोन्ही डोळे आहेत, चष्म्यामागे, निरांजनासकट. उजव्या गालावर सावली आहे आणि सुरकुत्या सगळ्या आहेत. एका मावशीने त्या संगणकावर पुसता येतात का, म्हणून विचारले. आईने पुसू दिल्या नाहीत. फोटोची प्रत सध्या तिच्या कपाटात, पैठणीखाली आहे.

ज्यांना हे वाचून फ्लॅश घ्यावासा वाटेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ट्रिगर घेताना तो आपल्याच कॅमेऱ्याच्या जातीचा आहे ना, हे पाहून घ्या. कॅननचे, निकॉनचे आणि सोनीचे संपर्कबिंदू एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरे, माळ्यावरचा फिल्मच्या काळातला फ्लॅश सापडला म्हणून हौसेने नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकावर दोनशेहून अधिक व्होल्ट येतात आणि ते नव्या कॅमेऱ्याच्या पोटातली नाजूक जोडणी जाळू शकतात. बॅटऱ्या चार्ज करता येणाऱ्या घ्याव्यात, चारही एकाच वयाच्या.

आणि दिवाळीचे फोटो. भुईनळ्याला फ्लॅश मुळीच नको. तो स्वतःच दिवा आहे. फुलबाजीने पोर हवेत गोल काढत असेल तर पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवा आणि फ्लॅश पडदा मिटण्याच्या वेळी चमकेल अशी खूण कॅमेऱ्यात करा. तिला रिअर सिंक म्हणतात. मग उजेडाची रेघ हाताच्या मागे राहते. नाहीतर रेघ पुढे आणि हात मागे, असा उलटा कारभार दिसतो. टीटीएल असेल तर सुरुवातीची अंदाजाची चमक आधीच होऊन जाते आणि मुले फोटो झाला म्हणून पळतात. तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवावे, की दोनदा चमकेल, दुसऱ्यांदा चमकेपर्यंत हलायचे नाही. पाण्याची बादली जवळ असू द्यावी. कॅमेरा मात्र तिच्यापासून लांब.